हौसाबाईची आरोळी

आमच्या गल्लीत रोज सकाळी भाजी घेऊन एक म्हातारा येतो. येतो म्हणजे नुसता उभा राहतो. डोक्यावरची पाटी ओट्यावर टेकवतो, घसा खाकरतो आणि कोणी बाहेर येतं का बघत थांबतो. घरात कोणाचं लक्ष नसलं तर पाटी उचलून पुढच्या दाराशी जातो. पाटीत सांबाराच्या जुड्या अशा ताज्या की वासानंच भूक लागावी. सांबाराला पुण्याकडची माणसं कोथिंबीर म्हणतात, म्हणोत बापडी. पण माल कितीही चांगला असला तरी भाजीवाल्यानं तोंड उघडायला नको? माझी बायको त्याच्यावर कितीदा तरी चिडली आहे. मी तर एकदा तोंडावरच म्हणालो, "बाबा, आरोळी देत जा ना. आमी काय दिवसभर दरवाज्याकडे पाह्यत बसतो?" त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच येऊन खाकरला.

परक्या माणसाला वाटेल, मुका आहे. मुका कसला! याच माणसाच्या आवाजानं एके काळी आमचा अख्खा बाजार चळाचळा कापत असे. हा पुंजाजी. गावच्या कमेटीचा, म्हणजे नगरपालिकेचा, जमादार होता. खाकी कोट, कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला, हातात वेताची काठी. उघड्यावर मिठाई ठेवलेली दिसली की याची काठी टोपलीवर वाजायची. गेल्या वर्षी नोकरीतून मोकळा झाला. असे मोकळे झालेले लोक मारुतीच्या पारावर बसून तंबाखू मळतात आणि नव्या लोकांना नावं ठेवतात. यानं डोक्यावर पाटी घेतली. का घेतली, आणि घेतली तर तोंड का उघडत नाही, हे मला त्याच्या बायकोनं, पंचफुलेनं सांगितलं. तिला बोलायला लागतंच. पण त्या दिवशी सांगताना तीसुद्धा अडखळत होती.

पुंजाजी जातीनं माळी. नाल्यापलीकडे त्यांचा लहानसा मळा, एक विहीर, दोन बैलांची मोट. बाप लवकर गेला. मळा आणि पोरगा, दोन्ही आईनं सांभाळलं. तिचं नाव हौसाबाई. अंगानं काटकुळी, पण आवाज देवानं दोन माणसांचा दिलेला. उजाडता उजाडता ती पाटी घेऊन वेशीतून आत शिरायची आणि पहिली आरोळी द्यायची, "आली वोऽ माय, मेथी आली, सांबार आला, चुकाऽऽऽ आला!" त्या 'चुका'वर ती इतकं लांबवायची की वेशीत धरलेला सूर राममंदिरापर्यंत पोचावा. बाया त्या आरोळीवर चूल पेटवायच्या. ज्ञानचंदशेठ आमच्या गावचे मोठे दुकानदार, जैन. त्यांच्या घरच्या पानाबाई सूर्य उगवल्यावरही ठरलेला वेळ होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. तो वेळ झाला हे त्या हौसाबाईची आरोळी फिरत फिरत त्यांच्या दाराशी आली की धरायच्या. शेठजींच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण पानाबाईंचा त्याच्यावर भरवसा नव्हता.

गावाला जी आरोळी हवीहवीशी, तिचीच पोराला लाज. पुंजाजी शाळेत होता तेव्हा हौसाबाई शाळेवरूनच जायची. ती आरोळी देऊन पुढं गेली की वर्गातली कारटी याच्याकडे बघून हळूच "चुकाऽऽ" करायची. एकदा मास्तरलाही हसू आवरलं नाही. पुंजाजी पुस्तकात डोकं खुपसून बसला. संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाला, "माय, तू शाळेवरून जात नोको जाऊ." तिनं काहून म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कुंभारवाड्याकडून वळसा घेऊन जायला लागली. वळसा लांबचा होता.

पुढं चार बुकं शिकला म्हणून कमेटीत लागला. आधी झाडूवाल्यांवर, मग जमादार. पट्टा कमरेला बसला आणि माणूस बदलला. कालपर्यंत त्याला "अबे पुंज्या" म्हणणारे "या जमादार" म्हणायला लागले. कोणाचंही डोकं फिरेल, त्याचं फिरलं यात नवल नाही. कामाला सोयीचं म्हणून त्यानं गावात खोली घेतली. पंचफुला रोज मळ्यावर जाऊन सासूला हातभार लावायची. हा मात्र मळ्याकडे क्वचितच फिरके. आई गावात भाजी घेऊन आली की हा दुसऱ्या गल्लीला वळायचा.

अशात कमेटीनं आवाजाचा कायदा केला. कचेरीतल्या साहेबांना गलक्यामुळं काम सुचत नव्हतं म्हणे. कचेरी आणि कोर्ट एकाच रस्त्याला आहेत, दवाखानाही तिथंच. त्या रस्त्यावर कोणी आरोळी द्यायची नाही, वाजंत्री वाजवायची नाही, नाहीतर दंड. आणि गंमत बघा, आवाज करू नका हे सांगायला कमेटीनं ढोल बडवत दवंडी फिरवली. दवंडीवाला कचेरीपुढंच सगळ्यात जोरानं ओरडला. कमेटीच्या शहाणपणाबद्दल मला फार बोलायला लावू नका.

त्या संध्याकाळी पुंजाजी पट्टा न काढताच मळ्यावर गेला. हौसाबाई खुरपत बसली होती.

"माय, आता गावात आरोळी द्याची नाही. कायदा झाला."

"कोणत्या भागात?"

"गावात."

"सगळ्याच गावात?"

"हाव, सगळ्याच. दंड होते."

हौसाबाईनं खुरपं खाली ठेवलं. "मंग भाजी आली हे बायाईले कसं समजंल?"

"दाराशी उभी राह्य. ज्याले लागंल थो येईन बाहेर."

कायद्यात एक रस्ता होता. यानं आईला अख्खं गाव सांगितलं. मला हे पंचफुलेनं सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. रोज सकाळी जी आरोळी ऐकू आली की याच्या मानेला काटा यायचा, ती याला सरकारच्या नावानं बंद करायला मिळाली, आणि यानं ती बंद केली. बिचारीला अक्षर येत नव्हतं. लेक जमादार, तो सांगतो म्हणजे तसंच असणार.

दुसऱ्या दिवसापासून हौसाबाई मुक्यानं फिरायला लागली. दाराशी उभी राहायची, बांगड्या वाजवायची, खाकरायची. बाया कामात असायच्या. पाटी अर्धी भरलेली परत जायची आणि दुपारपर्यंत जुड्या माना टाकायच्या. पानाबाईंनी एकदा तिला विचारलं, "काय वो हौसाबाई, घसा बसला काय?" ती म्हणाली, "कायदा झाला ना बाई." पानाबाईंना काही उमगलं नाही, कारण त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी लखमा ताकवाली कानठळ्या बसतील असं ओरडत होती.

पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली. आमच्याकडे हैजा म्हणतात. नाल्याच्या वरच्या अंगाला, मोहल्ल्यात, दोन घरं एका आठवड्यात रिकामी झाली. मग वरून नवे डॉक्टर पाठवले गेले. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरून दमणीत, म्हणजे बैलांच्या छोट्या गाडीत, बसून आले, आणि अंगावरची धूळ झटकायच्या आधी बाजार बघायला निघाले. माणूस सरळ, पण तापट. त्यांनी नियमांचा कागद काढला. कापलेली फळं विकायची नाहीत. खायचे जिन्नस झाकून ठेवायचे. विहिरींत लाल औषध टाकायचं आणि पाण्याचा रंग जाईस्तोवर, म्हणजे एक रात्र, ते वापरायचं नाही. आणि मुख्य म्हणजे नाल्यात भाजी धुवायची नाही, कारण वर रोग्यांचे कपडे धुतले जात होते. कागद बाजाराच्या चावडीवर चिकटवला. वाचणारे किती होते हा भाग वेगळा. म्हणून तो घरोघर आणि मळोमळी समजावून सांगायचं काम पुंजाजीकडे दिलं.

पुंजाजीनं औषध टाकायला पहिली विहीर निवडली ती स्वतःच्या मळ्यातली. आईची काळजी म्हणून नव्हे. डॉक्टर स्वतः मळे बघायला निघाले आणि तिथं हौसाबाई भेटली, तर ती पदरानं घाम पुसत सांगणार की हा माझा लेक. ते टाळायचं होतं, म्हणून तिथलं काम आधीच उरकून टाकायचं, की त्यांना तिकडं यायचं कारणच उरू नये. डॉक्टरांना त्यानं आपलं घर गावातलं सांगितलं होतं, मळ्याचं नावही काढलं नव्हतं.

औषध टाकलं. पाणी जांभळट लाल झालं. हौसाबाई काठावर वाकून बघत राहिली.

"हे काय रे पुंजा?"

"सरकारी औषध. दोन दिवस या पाण्याले हात लावाचा नाही. भाजीले नाही, ढोराले नाही, कायलेच नाही."

"उद्या बाजार हाय ना. मंग जुड्या कायच्यात धुवू?"

"थे मले नोको विचारू. मले अजून सगळ्या विहिरी कराच्या हायेत."

कागदावर एक रात्र होती, याच्या तोंडी दोन दिवस झाले. हुकूम सोडणाऱ्याला हुकूम थोडा मोठा करून सांगायला बरं वाटतं. आणि जे सांगायलाच हवं होतं, की नाल्यावर जाऊ नको, ते त्यानं सांगितलंच नाही. कागद त्याच्या खिशात होता. पण आईजवळ दोन मिनिटं बसून तिला समजावून सांगावं एवढा वेळ त्याला नव्हता.

माळणीच्या दृष्टीनं मातीची जुडी बाजारात नेणं म्हणजे न विंचरलेल्या केसांनी लग्नाला जाणं. उपटलेल्या भाजीची मुळं धुवायची, पाणी निथळू द्यायचं, वर ओलं फडकं टाकायचं. हौसाबाईनं आयुष्यभर तेच केलं होतं. लेकानं विहिरीला हात लावू नको म्हटलं, म्हणून तिनं लावला नाही. पहाटे जुड्या उपटल्या, नाल्यावर नेल्या आणि तिथं धुतल्या. लेकाचा हुकूम तिनं शब्दाला शब्द पाळला होता.

बाजार भरला. डॉक्टर पुढं, पुंजाजी मागं फिनाइलची बाटली घेऊन. एका हलवायाचा खवा मातीत गेला, एकाचं कापलेलं टरबूज गेलं. मग डॉक्टर भाजीवाल्यांच्या रांगेत आले. हौसाबाई रांगेच्या टोकाला बसली होती. तिचा सांबार सगळ्यांत हिरवागार होता, म्हणूनच डॉक्टरांची नजर तिथं गेली. त्यांनी जुडी उचलली. मुळांतून पाणी ठिबकत होतं, आणि मुळांत नाल्यातल्या शेवाळाचा एक धागा अडकलेला होता.

"बाई, ही भाजी कुठं धुतली?"

हौसाबाईला खोटं बोलायचं कारण नव्हतं. "नाल्यावर, साहेब."

डॉक्टर भडकले. "नाल्यावर? लोक मरताहेत आणि तू तीच घाण गावाला खाऊ घालतेस? तुझ्या मळ्यात विहीर नाही का?"

हौसाबाईनं पुंजाजीकडे पाहिलं. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, की विहिरीला हात लावायचा नाही असं या जमादारानंच सांगितलं. तिच्या ओठावर ते आलंही असेल. डॉक्टरांच्या हाताखाली चुकीचं सांगितल्याबद्दल दुसऱ्या गावच्या एका माणसाचा पट्टा नुकताच उतरला होता.

"हाय साहेब, विहीर," ती म्हणाली. "पण दूर पडते. म्या आळस केला."

विहीर तिच्या खोपटापासून हाकेच्या अंतरावर होती. बाजारातल्या निम्म्या लोकांना ते माहीत होतं. डॉक्टर पुंजाजीकडे वळले.

"कोण ही बाई? ओळखतोस हिला?"

आता बाजारात असं कोण होतं, ज्याला हे माय-लेक ठाऊक नव्हते? लखमा ताकवाली हातातलं माप तसंच धरून थांबली. शेजारचा कांदेवाला खाली बघायला लागला. पुंजाजीनं एकदा आईकडे पाहिलं, तिच्या ओल्या हातांकडे, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेल्या लुगड्याकडे. मग म्हणाला,

"नाही, साहेब. नाल्याकडची असंन कोणी."

हौसाबाईनं हात जोडले. डॉक्टरांना नव्हे, त्याला. "चुकलं, जमादारसाहेब. पुन्यांदा नाही होनार."

"पटकी जाईपर्यंत हिला बाजारात बसू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि हा माल खड्ड्यात टाक."

पुंजाजीनं पाटी उचलली. लहानपणी याच पाटीत तो झोपला असेल. ती त्यानं खड्ड्यात पालथी केली आणि हिरव्या जुड्यांवर फिनाइल ओतलं. हौसाबाईनं रिकामी पाटी झटकली, काखेला मारली आणि कोणाकडे न बघता निघाली. ती वेशीपर्यंत जाईस्तोवर बाजारात कोणी भाव करत नव्हतं.

दिवेलागणीला पुंजाजी मळ्यावर गेला. पंचफुला आधीच पोचली होती. तिच्यापर्यंत सगळं आलं होतं, आणि ती काही सासूसारखी गप्प बसणारी नव्हे.

"या जमादारसाहेब! कोणाकडे आलात? इथं तुमच्या ओळखीचं कोणी राह्यते काय?"

काठी कुडाला टेकवून पुंजाजी खाली बसला.

"मायले ओळखत नाही म्हणे! जिच्या पाटीवर चार बुकं शिकले तिले ओळखत नाही! अना विहिरीचं कोणी सांगतलं होतं वो तिले? सांगा ना!"

"पंचफुले," हौसाबाई चुलीपुढून म्हणाली, "जेऊ दे त्याले. सकाळपासून उन्हात हाय थो."

तिनं भाकर वाढली, वर चुक्याचं बेसन वाढलं. पुंजाजीनं दोन घास खाल्ले. पाय धरावेत असं मनात आलं होतं, असं तो पुढं पंचफुलेला म्हणाला. पण लाजेनं मान वर होईना. जेवण अर्धं टाकून तो उठला आणि गावाकडे निघून आला.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तरी त्याचं बरं झालं असतं. एखादी चूक माणूस मनात पुरून टाकतो. पण गावानं ती पुरू दिली नाही.

पावसाळा सरता सरता पटकी गेली. ज्ञानचंदशेठ कमेटीचे मेंबर. मनाचे चांगले, पण बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एक दिवस बोलता बोलता ते डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टरसाब, आपल्या जमादाराची कमाल हाय. तुमी बाजारात जिची भाजी फेकाले लावली, थे त्याची सगी माय होती."

डॉक्टर थक्क झाले. त्यांना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं, हा माणूस कायद्यापुढं आईलासुद्धा ओळखत नाही. ओळख दाखवली तर साहेबांना संकोच होईल, म्हणून नाही म्हणाला. असा सचोटीचा नोकर कुठं मिळतो! त्यांनी कमेटीला लिहिलं. कमेटीला असल्या गोष्टी फार आवडतात, खर्च कमी येतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सभा ठरली. पुंजाजीला फेटा बांधायचा. आणि त्या माउलीलाही बोलवा, असा डॉक्टरांचा खास निरोप.

पुंजाजी डॉक्टरांकडे गेला नाही असं नाही. दोनदा गेला. दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा "सहज आलो होतो" म्हणून परत आला. खरं सांगावं तर पट्टा जाणार. पण मला नाही वाटत त्याला पट्ट्याचीच भीती होती. सांगायचं काय? की मी आईला ओळख दिली नाही ती कायद्यासाठी नाही, तिच्या चिखलाच्या पायांची लाज वाटली म्हणून? हे वाक्य तोंडातून काढायला वाघाचं काळीज लागतं.

सभा भरली. मी होतो तिथं. बायांच्या बाजूला, अगदी पुढं, हौसाबाईला बसवलं होतं. पंचफुलेनं तिला धुतलेलं लुगडं नेसवलं होतं. तिनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. डॉक्टर फार छान बोलले. म्हणाले, असे दहा जमादार असते तर जिल्ह्यातून पटकी हद्दपार झाली असती. म्हणाले, यानं आपल्या जन्मदात्री आईलाही सोडलं नाही. टाळ्या पडल्या. ज्ञानचंदशेठनी स्वतःच्या हातानं गुलाबी फेटा बांधला. मग अध्यक्ष म्हणाले, "जमादार, दोन शब्द बोला."

पुंजाजी उभा राहिला. त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही. तापाच्या माणसाचा असतो तसा होता. त्यानं आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"म्या काही केलं नाही, साहेब," तो म्हणाला. "म्या... त्या दिवशी म्या..."

लोकांना वाटलं, केवढा हा विनय! दुप्पट टाळ्या पडल्या. त्या गलक्यात त्याचा पुढचा शब्द बुडाला. ज्याच्या एका ओरडण्यानं बाजार गप्प व्हायचा, त्याला ती सभा गप्प करता आली नसती? आली असती. पण त्यानं आवाज चढवला नाही. हात जोडले आणि खाली बसला. मलाही तेव्हा तो विनयच वाटला, आणि मीही टाळ्या वाजवल्या.

सभेहून घरी जाताना हौसाबाई पुढं, तो मागं आणि त्याच्या मागं पंचफुला. यापुढचं सगळं तिच्याच तोंडचं. शाळेचं फाटक मागं पडलं तसा त्यानं डोक्यावरचा फेटा उतरवून काखेत धरला. वेशीबाहेर आल्यावर तो थांबला.

"माय."

ती थांबली.

"माय, उद्यापासून तू आरोळी देत जाय. कायदा फकत कचेरीपुढच्या रस्त्याले हाय. बाकी गावात देता येते. म्या तुले... म्या तुले खोटं सांगतलं होतं."

"मले ठाव हाय," हौसाबाई म्हणाली.

"ठाव हाय?"

"लखमा रोज माह्या मांगं वरडत येते. मले काय ऐकू येत नाही?"

"मंग तू काहून नाही देली आरोळी?"

हौसाबाईनं पदर मागं सारला आणि सभेत न पाहिलेला त्याचा चेहरा आता नीट पाहिला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं पंचफुला म्हणते.

"तुले माह्या आवाजाची लाज वाटते ना रे, बापा. शाळेत होता तवापासून वाटते. म्हनलं, ठीक हाय. लेकराचं मन राह्यते अना कायदाही राह्यते. नाई देत."

पुंजाजी तिथंच रस्त्यात बसला. रडला, डोकं आपटून घेतलं, पाय धरले. जे त्या संध्याकाळी चुलीपुढं करायचं होतं ते सगळं केलं. "दे वो माय, एक डाव दे आरोळी," असं कितीदा तरी म्हणाला. तिनं त्याला उठवलं, अंगावरची धूळ झटकली. "आता सवय मोडली रे," म्हणाली. "आता आवाजही नाही राह्यला." यानंतर हा रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी तिची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन वेशीपर्यंत आणून द्यायचा, खाकी कोटावर. लोक म्हणायचे, बघा किती आईवेडा जमादार. ते ऐकून तो मान आणखी खाली घालायचा. पण हौसाबाईनं त्यानंतर गावात तोंड उघडलं नाही. काही वर्षांनी ती गेली, अंथरुणाला फार न खिळता. गुलाबी फेटा त्यानं एकदाही डोक्याला लावला नाही. मळ्यातल्या खोपटात खुंटीला टांगलेला आहे, उंदरांनी कुरतडलेला. पंचफुला तो फेकायला निघाली होती, तर त्यानं फेकू दिला नाही.

नोकरी सुटल्यावर त्यानं पाटी घेतली ती अशी. पंचफुला सांगते, मळ्यात एकटा असला की आरोळी देऊन बघतो. मोटेवर उभा राहून "आली वोऽ माय" म्हणतो, चांगला खणखणीत आवाज निघतो, आईसारखाच. पण वेशीतून आत आला की नुसता खाकरतो.

हे सगळं ऐकल्यापासून आमच्या घरी सकाळी दार उघडंच ठेवतात. माझी बायको आता त्याच्यावर चिडत नाही. पण नव्या माणसाला हे कसं ठाऊक असणार? परवा कमेटीचा नवा जमादार आमच्या ओट्यापाशी थांबला. लालसिंग नाव, तरुण पोरगा, बिल्ला घासूनपुसून लखलखीत केलेला. त्यानं पुंजाजीला खाकरत उभं असलेलं पाहिलं आणि त्याला दया आली.

"बाबा, तुमी आरोळी काहून देत नाही?" तो म्हणाला. "कायदा फकत कचेरीपुढच्या रस्त्याले हाय. या गल्लीत खुशाल द्या, कोणी काही म्हणत नाही. तुमाले आजवर कोणी सांगतलंच नाही काय?"

पुंजाजी माझ्या बायकोच्या हातात सांबाराची जुडी देत होता. त्याचा हात थांबला.

"मले ठाव हाय, बापा," तो म्हणाला.

मग त्यानं पाटी उचलली आणि पुढच्या दाराशी जाऊन घसा खाकरला.